पाठ केलेला तक्ता

चष्मा नाकावर नीट बसला, आणि त्या गृहस्थांना त्यातून पहिल्यांदा जे स्वच्छ दिसलं ती तिची नखं होती. उजव्या कानामागे काडी टोचत होती म्हणून तिनं ती गरम हवेवर धरून किंचित वाकवली होती आणि दोन्ही हातांनी चष्मा पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर चढवत होती. असं करताना तिचे हात माणसाच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतात. पण चष्मा लागेपर्यंत माणसाला जवळचं दिसत नाही, आणि लागल्यावर तो आरशात स्वतःकडेच बघतो. या दोन गोष्टींच्या आडोशाला तिनं चष्म्याच्या दुकानातली नोकरी इतके दिवस निभावली होती. त्यात भर म्हणून नखांना गडद रंग असायचा. आज रंग नव्हता. आणि हे गृहस्थ आरशाकडे वळलेच नाहीत. त्यांनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग तर्जनीकडे, आणि हनुवटी जराशी मागे घेतली.

"पोरी, नखांना काय झालंय गं हे? बुरशी का?"

"नाही काका. लागण होण्यासारखं नाही ते. काडी टोचते का अजून?"

"नाही, नाही. छान बसलाय. अगदी लख्ख दिसतंय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून खिशातल्या रुमालानं त्याच्या काड्या पुसू लागले. आधी उजवी, मग डावी, मग पुन्हा उजवी. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ती रागावू शकली असती.

गल्ल्यावरच्या मालकांनी हे पाहिलं. गिऱ्हाईक दाराबाहेर गेल्यावर ते हिशेबाच्या यंत्रावर नजर ठेवूनच म्हणाले, "आज चारला जायचंय ना तुला दवाखान्यात? तोवर आत बस. फ्रेमा आल्यात, स्क्रू तपासून घे." आणि ती वळली तेव्हा मागून, हलक्या आवाजात, "राग मानू नकोस. आपलं गिऱ्हाईक डोळ्यांचं. त्याला दिसतं, आणि दिसावं म्हणून पैसे आपणच घेतो." हा त्यांचा नेहमीचा विनोद होता, एरवी ती हसायचीही. तिला जाणवलं की ते दुकानातून काढणार नाहीत. फक्त थोडं थोडं आत सरकवत राहतील, काउंटरवरून टेबलाशी, टेबलावरून माळ्यावरच्या साठ्यात, आणि प्रत्येक वेळी राग मानू नकोस म्हणतील.

आतल्या खोलीत टेबलावर एकच दिवा होता आणि त्याच्या प्रकाशात तिचे हात तिला फार मोठे दिसले. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं होतं, सांध्याच्या घड्या बुजलेल्या, जणू दुसऱ्या एखाद्या जाड माणसाचं बोट इथं बसवलं होतं. शेजारच्या बोटांवरची नखं टाचणीनं टोचल्यासारखी खळग्यांची, अंगठ्याचं नख कडेनं सुटून पिवळं पडलेलं. हे सगळं ती रोजच पाहत होती. पण रोज सकाळी ते झाकण्यासाठी पाहत होती. भिंतीत भेग कुठं आहे हे रंगाऱ्यालाही माहीत असतं, पण तो घरात राहणाऱ्याइतका घाबरत नाही. परवापासून गोळी नव्हती, मलम नव्हतं, रंग नव्हता, आणि ती आता त्या घरात राहत होती. तिनं चिमट्यानं स्क्रू उचलला. तो तिळाएवढा असतो; फ्रेमच्या भोकाशी नेऊन तो सोडताना चिमट्यावरचा दाब किंचित कमी करायचा असतो, किंचितच. बोटांना किंचित हे माप उरलं नव्हतं. एकतर घट्ट, नाहीतर सुटलं. स्क्रू टेबलावर उडाला, एकदा वाजला आणि नाहीसा झाला. ती त्याला शोधायला वाकली नाही, कारण वाकल्यावर टाचेवर भार आला असता, आणि सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवल्यापासून टाच तिला आपली उपस्थिती सांगत होती.

दुखणं एकाच माणसाचं असलं तरी ते एकच आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. डोक्यातला कोंडा वेगळा, तो तर शाळेपासूनचा. कोपरावरचे चट्टे वेगळे. टाच वेगळी, ती दिवसभर उभं राहून दुखते असं सगळेच म्हणत. बोट वेगळं, ते कशाततरी चेमटलं असणार. चामडीच्या डॉक्टरांकडे तिनं केस बाजूला करून टाळू दाखवली, कोपर दाखवलं आणि बोट मांडीवरच्या पिशवीखाली ठेवलं. हाडांच्या डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी केस दोनदा धुतले, कोपरांवर मलम चोळलं, आणि तिथं फक्त टाच आणि बोट काढून ठेवलं. कुणी तिला असं करायला सांगितलं नव्हतं. तिला ते रीतीचं वाटलं. एका दुकानात घेतलेली फ्रेम दुसऱ्या दुकानात दुरुस्तीला नेली की माणसं कशी ओशाळतात हे ती रोज पाहत होती. शिवाय आई म्हणायची, "डॉक्टरसुद्धा माणूसच. स्वच्छ होऊन जावं. किळस आली तर नीट हात लावील का तो?" आई हे रागानं नाही, काळजीनं म्हणायची, आणि इस्त्री करून ठेवलेला पूर्ण बाह्यांचा कुर्ता पलंगावर पसरायची.

शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती, तीही कित्येक महिन्यांनी. त्या पहिल्या भेटीला ती किती व्यवस्थित होऊन गेली होती! रात्री मलम, सकाळी दुखण्याची गोळी, वाटेत आणखी एक. नखं कानशीनं घासून गुळगुळीत, त्यांवर दोन हात रंग. डॉक्टर बाई होत्या, मध्यम वयाच्या, दमलेल्या. त्यांनी बोट दाबलं. "दुखतं?" "थोडंसं." त्या म्हणाल्या, मूठ मिटा. तिनं मिटली. मधलं बोट येत नव्हतं. तिनं शेजारच्या दोन बोटांनी त्याला आत ओढून घेतलं आणि चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही. याचा तिला अभिमानही वाटला होता. "आज तरी मला फारशी सूज दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताचे रिपोर्टही ठीक आहेत. त्रास असेल तेव्हा या." त्रास असेल तेव्हा वेळ नसते आणि वेळ मिळते तेव्हा त्रास गोळीनं निजवलेला असतो, हे तिनं सांगितलं नाही. घरी आई म्हणाली, "बघ, काही निघालं नाही." बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "छान झालं." आणि रात्री गोळी उतरली तेव्हा ती उशी दातांत धरून पडली होती, एखाद्या परीक्षेत पहिली आल्यासारखी.

नंबरताईनं तिला यातून बाहेर काढलं असं म्हणता येणार नाही. तिनं फक्त एक पडदा हलवला. नंबरताई म्हणजे दुकानात डोळे तपासणारी, मालकांची चुलत मेहुणी, जिभेला हाड नसलेली. मागच्या आठवड्यात तिच्याकडे एक बसचालक आला होता. परवान्यासाठी दाखला हवा होता. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं असतं, आणि बाकावर बसलेल्या माणसाला आतल्या आरशात अक्षरांचा तक्ता दिसतो. हा माणूस अर्धा तास बाकावर ओठ हलवत बसला होता. खुर्चीवर बसल्यावर त्यानं खालची सगळ्यात बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हणून दाखवली. नंबरताई उठली, तिनं तक्ता काढला, मागची बाजू पुढे केली आणि म्हणाली, "आता हा म्हणा, दादा." दादांना वरचं ढोबळ अक्षरही येईना. "अहो, पाठांतर झकास आहे तुमचं, पण गाडी कोण चालवणार? तक्ता?" सगळं दुकान हसलं, तीही हसली. हसू ओसरल्यावर तिला त्या माणसाच्या कपाळावरचा घाम दिसला. तो फसवायला आला नव्हता. त्याला दिसत नव्हतं आणि त्याला दिसायला हवं होतं, एवढंच; आणि या दोहोंमधली वाट त्यानं पाठांतरानं भरून काढली होती. संध्याकाळी शटर ओढताना, तिचा हात शटरच्या कडीवर अडला तेव्हा, नंबरताईनं कडी स्वतःकडे घेत म्हटलं, "तू पण तक्ता पाठ करूनच जातेस ना गं डॉक्टरकडे? हे असले हात घेऊन कुणी 'सूज नाही' म्हणतं म्हणजे काय? चांगले मार्क मिळवून काय करणार आहेस, बाई?"

तिनं दवाखान्यात फोन केला. एक वेळ कुणीतरी रद्द केली होती ती मिळाली, आणि पलीकडची परिचारिका म्हणाली, दुखण्याची गोळी आणि मलम यायच्या दोन दिवस आधीपासून थांबवलं तरी चालेल, फारच झालं तर घ्या. एवढं सोपं होतं. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं म्हणून तिला आधी स्वतःचा आणि मग, का कोण जाणे, बाबांचा राग आला.

बाबांच्या हातांबद्दल घरात बोललं जात नसे. म्हणजे लपवलेलं असं काही नव्हतं, "बाबांचे हात" हा शब्दप्रयोग होता. बरणी उघडायची असली की "राहू दे, बाबांचे हात" असं म्हटलं जाई, छताच्या पंख्याबद्दल बोलावं तसं. ते नकाशे काढायचे. एका मोठ्या कचेरीत, उतरत्या टेबलाशी, शाईच्या पेनानं, केसासारख्या रेघा. पुढे संगणक आले म्हणून त्यांनी नोकरी लवकर सोडली असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण त्यांच्याबरोबरचे लोक संगणक शिकले आणि राहिले. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं आता आखूड झाली होती. आतलं हाड विरघळल्यासारखी, वरची कातडी सैल मोज्यासारखी गोळा झालेली. बारा महिने पूर्ण बाह्या. दर रविवारी खिडकीशी कागद अंथरून ते नखं कापत, मग घासत, मग कागदाची पुडी करून स्वतः कचऱ्यात टाकून येत. लहानपणी तिला ते फार टापटिपीचं वाटे. आता बोट दिव्याखाली धरून ती स्वतःला एकच विचारत होती, आणि उत्तर येऊ नये म्हणून चिमटा उगाच पुसत होती: यातून तिथवर जायला किती वेळ लागतो? आणि बाबांना ते कधी कळलं?

दवाखान्याच्या लांब मार्गिकेत खुर्च्या भिंतीला जोडलेल्या होत्या. तिचा क्रमांक पुकारायला अजून बराच अवकाश होता, आणि तेच वाईट झालं. गोळीला काम करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ होता. आईचा फोन येऊन गेला होता: "नीट बोल. रडूबिडू नकोस समोर. आणि केस बांध गं, ते मागचं दिसतं." टाच ठणकत होती, बसल्या जागी कंबरही आता एका बाजूनं बोलायला लागली होती. पिशवीत गोळ्यांची पट्टी होती. ती आपण का आणली, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. ती उठली. पहिली चार पावलं माणसासारखी टाकता येत नाहीत, पाचव्यापासून येतात. तिनं ती पहिली चार भिंतीच्या बाजूनं टाकली आणि स्वच्छतागृहात गेली. आरशातल्या बाईच्या कानामागून गळ्यापर्यंत लालसर कड आली होती आणि खांद्यावर पांढरे कण पडले होते. हिला डॉक्टर किळसून हात लावतील. किंवा, याहून वाईट, हिला बघूनही म्हणतील की काही नाही. स्वच्छ होऊन गेल्यावर काही निघालं नाही तर निदान स्वच्छ असल्याचं सुख असतं. असं सगळं उघडं टाकून गेल्यावरही काही निघालं नाही, तर मग उरतं काय? तिनं पट्टीतून गोळी काढली. दातांनी, कारण बोटांना ती फोडता येईना.

नळ गोल चावीचा होता. ती फिरेना. मागून काठी टेकत एक बाई आली, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"तेवढा नळ सोडता का हो? माझ्यानं होत नाही."

"माझ्यानंही होत नाही."

त्या बाईनं तिच्या हातांकडे पाहिलं. "अगंबाई. मला वाटलं तुम्ही कुणाच्या सोबत आलात."

दोघींनी तळव्यांच्या कडा लावून चावी दाबली, एकीनं इकडून, एकीनं तिकडून, आणि ती जराशी फिरली. पाणी आलं, बारीक धारेनं. "दवाखाना आमचा, आणि नळ पैलवानांचे," ती बाई म्हणाली. हात धुतले, काठी घेतली आणि जाताना, फार काही सांगतेय असं न दाखवता, म्हणाली, "मी पण लवकर आले असते तर काठी नसती लागली, असं म्हणतात. कोण जाणे. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी म्हणतात ना, माझं तर मांजराच्या पावलांनी आलं. कळलंच नाही."

कुणाच्या सोबत आलात. कालपर्यंत हे वाक्य तिला बक्षीस वाटलं असतं. पाणी वाहत होतं. गोळी तळहातावर होती. ती काही निर्धारानं फेकली नाही तिनं. रुमालात गुंडाळली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली, कारण बाहेर तिचा क्रमांक पुकारला जात होता आणि त्या क्षणी तिला फक्त तेवढंच करायला सुचलं.

डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर मागचं टिपण वाचत होत्या. "या. कसं आहे?"

"बरं आहे," ती म्हणाली.

तोंडातून ते आधीच गेलं होतं. कुठल्याही दारातून आत जाताना पाय पुसावेत तसं. डॉक्टरांची बोटं कळफलकावर चालू लागली आणि तो आवाज तिला ओळखीचा वाटला. मागच्या वेळीही याच वेगानं ती "ठीक" झाली होती. आता त्या वर बघतील, हसतील, सहा महिन्यांनी या म्हणतील. खोलीत पंख्याची घरघर होती. तिला खुर्चीवरच्या त्या बसचालकाचं कपाळ आठवलं, आणि आपल्यासाठी तक्ता उलटायला इथं कुणी उठणार नाही हेही कळलं.

"नाही," ती म्हणाली. "थांबा, डॉक्टर. ते लिहू नका. बरं नाहीये." आईनं नको म्हणून बजावलेलं रडू डोळ्यांशी आलं होतं. "मागच्या वेळी मी गोळ्या खाऊन आले होते. दोन. मलम लावलं होतं. नखं रंगवली होती. मूठ मिटत नव्हती, मी ओढून मिटवली."

बोटं थांबली. "आणि आज?"

"आज काही नाही. परवापासून."

डॉक्टरांनी खुर्ची फिरवून तिच्या समोर आणली. "हात द्या. आता मिटा मूठ. ओढायची नाही. जिथं थांबेल तिथं थांबू द्या."

तिला हे फार कठीण गेलं, दुखतं म्हणून नव्हे, तर थांबायची सवय नव्हती म्हणून. चार बोटं वाकत गेली आणि एका ठिकाणी, तळव्याच्या बरीच अलीकडे, उभी राहिली. डॉक्टरांनी त्या फटीत आपली दोन बोटं घालून पाहिली. ती आरामात मावली. मग त्यांनी नखं उजेडाकडे धरली, एकेक. केस बाजूला करून कानामागे पाहिलं. त्यांना किळस आली की नाही हे कळायला तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथं फक्त लक्ष होतं, स्क्रू बसवताना तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असावं तसं. बेंबीपाशी चट्टा आहे का? आहे. टाच इथं? आई गं. सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ? दुकान उघडेपर्यंत. एकेका डॉक्टरला वेगवेगळं वाटून दिलेलं तिचं शरीर तासाभरात एका टेबलावर गोळा होत होतं, आणि ते इतकं मोठं, इतकं एकजात आजारी निघेल याची तिला कल्पना नव्हती.

"सोरायसिस आहे. आणि हा त्याचाच संधिवात," डॉक्टर म्हणाल्या. "वेगवेगळं काही नाही, सगळं एकच. रक्तात पुष्कळदा काही येत नाही यात." मग त्या सांगत गेल्या: हातापायांचे फोटो काढायचे, यकृत तपासायचं, क्षय नाही ना ते बघायचं, डोळेही दाखवायचे, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, तिनं भागलं नाही तर इंजेक्शनं, मूल हवं असेल तेव्हा आधी सांगायचं, औषध बदलावं लागतं. गुण यायला काही महिने लागतील.

"हे बोट?"

उत्तर देण्याआधी डॉक्टरांनी ते बोट पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिलं, आणि याबद्दल ती त्यांची ऋणी राहिली. "हे कदाचित पूर्ण सरळ होणार नाही. फोटो बघून सांगते. पण बाकीची नऊ आपल्याला राखायची आहेत." मग कळफलकाकडे वळत, "घरात आणखी कुणाला आहे असं?"

इथं तिला पुन्हा मघाचंच, पाय पुसून आत जायचं दार दिसलं. नाही म्हणणं किती सोपं होतं. स्वतःचं झाकण काढणं निराळं आणि दुसऱ्याच्या बाह्या वर करणं निराळं. तो माणूस इथं नव्हता, त्यानं कधी कुणाला काही दाखवलं नव्हतं, आणि तो तिचा बाप होता.

"वडिलांना," ती म्हणाली. "त्यांनी कुणालाच दाखवलेलं नाही."

"त्यांना घेऊन या. या वयातही दुखणं कमी करता येतं."

बाहेर दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऊन होतं. आईला करायचा फोन तिनं बाबांना केला. तिनं सगळं सांगितलं, रोगाच्या नावासकट, आणि शेवटी घरात आणखी कुणाला आहे या प्रश्नाचं. मग तिनं फोन कानापासून काढून चालू आहे का ते पाहिलं.

"माझं सांगितलंस तू?" बाबा म्हणाले.

"हो."

"हं." मग, "तू शाळेत होतीस तेव्हा तुझ्या नखावर एक खळगा दिसला होता मला. एकच. मी रोज बघायचो, आणखी येतात का. नंतर तू रंग लावायला लागलीस. मला बरं वाटलं. दिसायचं बंद झालं."

राग दिवसभर तयार ठेवला होता, तो आता कुठं ठेवावा हे कळेना. रस्त्यावरून एक बस गेली.

"मंगळवारी बोलावलंय, बाबा. तुम्हालाही. मी रजा काढते."

"मी कशाला आता? माझं काय व्हायचं राहिलंय?"

"दुखणं कमी होतं म्हणाल्या."

"असं म्हणाल्या?"

"हो. आणि रविवारी नखं कापू नका."

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांनी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्याची सरसर तिला ऐकू आली, थोड्या वेळानं पुन्हा पहिल्या हातात. तीही तेच करत उभी होती.